शार्त्रचं कॅथेड्रल पहिल्यांदा बघायला जाताना

पॅरिसला कॉलेजच्या सहलीनं निघालेल्या मुलामुलींना मी एकच गोष्ट हट्टानं सांगते: यादीतलं दुसरं काहीही गाळा, पण पॅरिसजवळच्या शार्त्र गावाला आख्खा एक दिवस द्या. मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि दर दोन-तीन वर्षांनी विद्यार्थ्यांचा गट घेऊन तिकडे जाते. कुठं अडखळायला होतं आणि काय बघायचं राहून जातं, ते आता नीट ठाऊक झालंय. मी स्वतः पहिल्यांदा गेले ती बसच्या सहलीतून. पुढं एक राजवाडा गाठायचा होता, म्हणून कॅथेड्रलसाठी पन्नास मिनिटं मिळाली. आत अंधार, उंचावर कुठंतरी निळं-लाल काहीतरी चमकतंय, मान दुखेपर्यंत फोटो काढले आणि बाहेर आलो. घरी येऊन फोटो पाहिले, तर एकाही खिडकीत काय आहे ते सांगता येईना. पुढच्या खेपेला दुर्बीण घेऊन एकाच खिडकीखाली तासभर बसले, आणि ती खिडकी चक्क वाचता आली. तुमची पहिली खेप माझ्या दुसऱ्या खेपेसारखी व्हावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

निघण्याआधी घरी करायचा अभ्यास

कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, असं बरेच जण समजतात. खरं तर आकाराचा तिथं संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या मुख्य धर्मगुरूचं, आसन असतं ते कॅथेड्रल. जुन्या गोव्यातलं सें कॅथेड्रल तुम्ही पाहिलं असेल. त्यातल्या ‘सें’चा अर्थही आसन असाच आहे. पण गोव्याची पांढरीशुभ्र पोर्तुगीज वास्तू डोळ्यांसमोर ठेवून शार्त्रला गेलात तर गोंधळाल. शार्त्र तिच्याहून चारेकशे वर्षांनी जुनं आहे आणि त्याची घडणच वेगळी आहे.

१० जून ११९४च्या रात्री इथं मोठी आग लागली. पश्चिमेकडचा दर्शनी भाग, त्याचे मनोरे आणि तळघर वाचलं, बाकीचं चर्च जळालं. गावाला सगळ्यात मोठी काळजी एका वस्त्राची होती. मेरीनं येशूच्या जन्माच्या वेळी हे वस्त्र अंगावर घेतलं होतं अशी श्रद्धा, आणि ८७६ साली राजा शार्ल यानं ते शार्त्रला दिलेलं. त्याच्या दर्शनाला लांबलांबून यात्रेकरू यायचे, गावाचं पोटही बरंचसं त्यावरच चालायचं. ते वस्त्र तळघरात सुखरूप सापडलं आणि लोकांनी लगेच नवं चर्च उभारायला घेतलं. मुख्य बांधकाम पंचवीस-तीस वर्षांत उरकलं. १२६० साली राजा नववा लुई याच्या उपस्थितीत त्याचा अर्पणविधी झाला. इतर बरीच कॅथेड्रलं दोन-दोनशे वर्षं रखडत बांधली गेली, त्यामुळे त्यांच्यात अनेक काळांची सरमिसळ दिसते. शार्त्र एका दमात झालं आणि म्हणून एकसंध वाटतं. युनेस्कोनं १९७९ साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

एवढा इतिहास पुरे. त्याहून उपयोगी पडेल तो दुसरा अभ्यास, आणि तो मराठीतूनच होतो. मराठी बायबल मिळवा आणि त्यातले तीन उतारे वाचून ठेवा: लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला (म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा), ‘उत्पत्ती’चे पहिले चार अध्याय आणि त्यातच पुढं येणारी नोहाच्या तारवाची गोष्ट. तासाभराचं काम आहे. त्या काळी अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याला या गोष्टी तोंडपाठ असत. आपल्याला नसतात, आणि आपल्याला काच परकी वाटते ती यामुळेच.

पिशवीत काय हवं

दुर्बीण. पक्षी बघायला वापरतात तसली साधी चालेल, दोघांत एक असली तरी भागतं. वरच्या खिडक्या इतक्या उंच आहेत की नुसत्या डोळ्यांनी त्यातले चेहरे दिसत नाहीत, आणि मोबाइलचा झूम दुर्बिणीची जागा घेऊ शकत नाही. दुसरं, मे महिना असला तरी स्वेटर. बाहेर ऊन असतं, पण आत दगडाचा गारठा पायातून वर चढतो, म्हणून जाड मोजे घाला. गाव सपाट माळावर एका उंचवट्यावर वसलंय, वारा बोचरा असतो. एक वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि थोडी सुटी नाणी. बास.

पोचायचं कसं

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून शार्त्रला थेट प्रादेशिक गाड्या आहेत. साधारण एक ते सव्वा तास लागतो. सकाळी लवकरची गाडी धरा. दहा-साडेदहानंतर बसच्या सहली येऊ लागतात, त्याआधीचा एक तास लाखमोलाचा असतो. जमलं तर शुक्रवार निवडा, कारण पुढं येईलच. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, असते आणि गावातली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा पहिल्या भेटीसाठी रविवार टाळलेला बरा.

गाडी पॅरिसची उपनगरं सोडते, थोडं जंगल लागतं आणि मग ‘बोस’चा गव्हाचा प्रदेश सुरू होतो. नजर जाईल तिथवर सपाट शेतं. आता मोबाइल खिशात ठेवा. अचानक शेतांच्या वर दोन टोकं उगवतात. गाव दिसत नाही, खालची इमारतही दिसत नाही, फक्त दोन टोकं. वारीला गेलेल्या माणसाला कळसदर्शन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आणि इथंही तोच अनुभव आहे. दरवर्षी पेन्टेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या) सुमाराला हजारो लोक पॅरिसहून तीन दिवस चालत शार्त्रला येतात. विद्यार्थ्यांची वेगळी पायी यात्रासुद्धा आहे. त्यांनाही हीच टोकं आधी दिसतात.

स्थानकाबाहेर आलात की नकाशाची गरज नाही. टोकांकडे बघत दहा मिनिटं चढ चढा.

दारापाशी थांबा

सगळे सरळ आत घुसतात. तुम्ही अर्धा तास बाहेरच काढा.

आधी दोन मनोरे बघा. दोन्हींचे कळस एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताचा, दक्षिणेकडचा कळस बाराव्या शतकातला, साधा, सुमारे १०५ मीटर उंच. डावीकडचा आधी लाकडी होता. तो वीज पडून जळाल्यावर १५०७ ते १५१३ या काळात जाँ द बोस या कारागिरानं नव्यानं बांधला. त्यावर दगडाची जाळीच जाळी आहे आणि तो उजव्याहून उंच आहे. मला विचाराल तर साधा जास्त देखणा. चौकोनी मनोऱ्याचा आठ कोनी कळस कुठं झाला, ते शोधूनही चटकन सापडत नाही.

आता खालचे तीन दरवाजे. यांना ‘राजद्वार’ म्हणतात. हे ११५०च्या आगेमागे घडवलेले, म्हणजे आगीतून वाचलेले. खांबांना चिकटून उभे असलेले लांबट राजे-राण्या सगळ्यांना दिसतात. तुम्ही उजव्या हाताच्या दरवाजाकडे जा आणि वरच्या कमानीतल्या छोट्या मूर्ती दुर्बिणीतून न्याहाळा. त्या काळच्या अभ्यासक्रमातले सात विषय तिथं सात स्त्रियांच्या रूपात कोरलेत. व्याकरण ही गुरुजींसारखी बसली आहे, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात छडी. तिच्या पायाशी दोन पोरं: एक पुस्तकात मान घालून बसलाय आणि दुसरा त्याचे केस ओढतोय. संगीत हातोडीनं घंटा वाजवते आहे. तिच्या खाली एक दाढीवाला गृहस्थ मांडीवर पाटी घेऊन वाकून लिहितोय, तो पायथागोरस असं मानतात. शार्त्रला कॅथेड्रलची पाठशाळा होती आणि बाराव्या शतकात तिचा युरोपभर दबदबा होता, म्हणून हे विषय इथं, अगदी मेरीच्या भोवती. माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला मोठा हशा दरवेळी त्या केस ओढणाऱ्या पोराशी होतो. आठशे सत्तर वर्षांपूर्वीचं वर्गातलं पोर ते. त्याच्याशी ओळख झाली की आत जायला मन तयार होतं.

आत गेल्यावर वागायचं कसं

हे नुसतं वस्तुसंग्रहालय नाही, रोज प्रार्थना होणारी जागा आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. पायातले जोडे काढायचे नाहीत. आपला हात सवयीनं बुटाच्या नाडीकडे जातो, म्हणून सांगते. डोक्यावरची टोपी मात्र काढायची. दाराशी दगडी भांड्यात पाणी असतं. ते आपल्या तीर्थासारखं पिण्यासाठी नसतं, कॅथलिक लोक त्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात. तुम्ही नुसते पुढं गेलात तरी कुणाला वाईट वाटत नाही.

मिस्सा चालू असेल तर मागं शांत बसा, हिंडू नका, फोटो काढू नका. शेवटी लोक रांगेनं वेदीपाशी जातात आणि धर्मगुरू त्यांना एक पातळ चकती देतात. आपली मुलं ‘प्रसाद आहे’ म्हणून रांगेत उभी राहतात, हे मी पाहिलंय. त्यांच्या मनात आदरच असतो, पण ते कम्युनियन आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार ते येशूचं शरीर आहे आणि फक्त कॅथलिकांनी घ्यायचं असतं. आपण जागेवर बसून राहायचं. गटात वसईची कुणी कॅथलिक मैत्रीण असेल तर तिला शेजारी बसवा, ती कधी उठायचं नि कधी बसायचं ते सांगते. मेणबत्ती लावायची असेल तर पेटीत नाणी टाकून कुणीही लावू शकतं. माझ्या गटातले हिंदू-मुसलमान सगळेच लावतात.

एक खिडकी वाचायची

आत शिरल्यावर आधी कुठल्यातरी खुर्चीवर पाच-दहा मिनिटं नुसते बसा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. मग हळूहळू काच पेटते. इथं १७० हून जास्त खिडक्या आहेत, सगळी मिळून सुमारे २,६०० चौरस मीटर काच, आणि तिचा मोठा भाग तेराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला मूळचा. छत ३७ मीटर उंचावर आहे. एवढं वजन असून भिंती इतक्या पोकळ कशा, हा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर बाहेर आहे. भिंतीला बाहेरून दगडी कमान्यांचे टेकू दिलेत आणि छताचा रेटा ते पेलतात. भिंतीला वजनाच्या कामातून सुट्टी मिळाली आणि तिथं काच आली.

आता सगळ्या खिडक्या बघायचा मोह सोडा. एकच निवडा. नवख्यांना मी नेहमी शोमरोन्याच्या खिडकीपाशी नेते. पश्चिम दरवाजातून आत आलात की उजव्या हाताच्या बाजूच्या पडवीतली तिसरी खिडकी. ती खाली असल्यानं नुसत्या डोळ्यांनीही बरीच दिसते.

खिडकी खालून वर वाचायची, हा पहिला नियम. एका ओळीत साधारण डावीकडून उजवीकडे. सगळ्यात खाली ज्यांनी खिडकीसाठी देणगी दिली ते दिसतात, आणि या खिडकीचे देणगीदार म्हणजे जोडे शिवणारे. दुर्बीण लावा आणि त्यांचे हात बघा. ते कामात आहेत. राजा नाही, बिशप नाही, जोडे शिवणारी माणसं खिडकीच्या पायथ्याशी बसली आहेत. शार्त्रच्या खिडक्यांमध्ये असे सुतार, चाकं करणारे, लोहार, खाटीक, पाणी वाहणारे, सराफ, सगळे भेटतात. देणग्यांचा नेमका व्यवहार कसा झाला यावर अभ्यासकांत वाद आहे, पण ही माणसं काचेत आहेत एवढं तुमच्या डोळ्यांना दिसतंच.

त्यांच्या वर गोष्ट सुरू होते. येशू प्रश्न विचारणाऱ्यांना दाखला सांगतोय. वाटसरू यरुशलेमच्या वेशीतून बाहेर पडतो, चोर त्याला गाठतात, कपडे ओरबाडतात, मारतात. एक याजक येतो, एक लेवी (मंदिराचा सेवक) येतो, दोघं बघून निघून जातात. मग परक्या जातीचा शोमरोनी येतो, त्याला उचलतो, धर्मशाळेत नेतो, त्याच्या उशाशी बसतो. इथवर तुम्ही घरी वाचलेलं आहे. पण निम्मी खिडकी अजून वर शिल्लक आहे! आणि तिथं आदाम घडवला जातोय, हव्वा, फळ, बागेतून हकालपट्टी, आदाम जमीन खणतोय, हव्वा सूत काततेय, काइन हाबेलाला मारतोय, आणि सगळ्यात वर येशू.

या दोन गोष्टी एका खिडकीत कशाला? हा प्रश्न मुलांना विचारते आणि गप्प बसते. बहुतेक वेळा कुणीतरी पाच-सात मिनिटांत शोधून काढतं: लुटला गेलेला वाटसरू म्हणजेच आदाम, म्हणजे सगळी माणूसजात, आणि त्याला उचलणारा परका म्हणजे येशू. जुन्या ख्रिस्ती आचार्यांनी दाखल्याचा हाच अर्थ लावला होता आणि कारागिरानं तो काचेत एकावर एक ठेवून सांगितला. हे कुणी आधी सांगितलं तर माहिती होते, स्वतः सापडलं तर आयुष्यभर राहतं. म्हणून मोबाइलवरचं ऑडिओ मार्गदर्शन पहिला तासभर लावू नका. (हे तुम्ही इथं वाचलंच आहे, तर तुमच्यासाठी दुसरी खिडकी सुचवते: समोरच्या, उत्तरेच्या बाजूला दाराजवळची पहिली, नोहाची. तिच्या पायथ्याशी सुतार आणि पिंप करणारे का बसलेत, ते शोधा.)

मग प्रदक्षिणा

एक खिडकी झाली की बाकीचं चर्च आपोआप बोलू लागतं. गाभाऱ्याच्या मागून फिरायला गोल वाट आहे, आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेच्या वाटेसारखीच. तिच्या दक्षिणेकडच्या सुरुवातीला निळ्या वस्त्रातली मेरी आहे, मांडीवर बाळ. ही काच सुमारे ११८०ची, आगीतून वाचलेली. मेरीच्या अंगावरचा फिका निळा रंग बघा आणि शेजारच्या तेराव्या शतकातल्या खिडक्यांचा गडद निळा बघा, फरक लगेच कळतो. काचेला तो निळा कोबाल्टनं येतो. कडक उन्हात लाल उसळतो, ढगाळ दिवशी निळा पुढं येतो, त्यामुळे पाऊस लागला म्हणून हिरमुसू नका.

दक्षिणेच्या मोठ्या गोल खिडकीखाली पाच उंच खिडक्या आहेत. त्यातल्या चारांत मोठ्या बाप्यांच्या खांद्यावर छोटी माणसं बसली आहेत, जत्रेत बापाच्या खांद्यावर पोर बसतं तशी. खाली जुन्या करारातले संदेष्टे यशया, यिर्मया, यहेज्केल, दानीएल, आणि खांद्यावर शुभवर्तमान लिहिणारे मत्तय, लूक, योहान, मार्क. याच गावच्या पाठशाळेतले गुरू बर्नार म्हणत, की आपण थोरांच्या खांद्यावर बसलेले बुटके आहोत, म्हणून आपल्याला त्यांच्यापेक्षा लांबचं दिसतं. खिडकी त्यांच्यानंतर शंभर वर्षांची. विद्यार्थ्यांनी इथं थोडं जास्त थांबावं असं मला मनापासून वाटतं.

जुन्या पुस्तकात शार्त्रच्या काळ्या मेरीचा फोटो पाहून आपल्याकडचे लोक तिला शोधत येतात. खांबावरच्या मेरीची ती मूर्ती तिथंच आहे, पण अलीकडच्या जीर्णोद्धारात तिचा काळा रंग काढला. आता ती गोरी दिसते. आतल्या भिंतीही उजळ केल्यात. मूळ तशाच होत्या हे तज्ज्ञांचं म्हणणं मला पटतं. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जिच्यापुढे हात जोडले ती काळी होती. तिला तशीच राहू द्यायला हवं होतं.

शुक्रवारचं कारण

सभामंडपाच्या जमिनीत दगडातच जडवलेला गोल चक्रव्यूह आहे, सुमारे १३ मीटर व्यासाचा. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि लोक त्यावरून जातात तरी त्यांना कळत नाही. लेंटपासून (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळापासून) ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत शुक्रवारी खुर्च्या हटवतात आणि कुणालाही तो चालता येतो. यात फसवी वाट नाही. एकच वाट, वळत वळत मध्यापर्यंत नेणारी, सुमारे २६१ मीटरची. गटानं चालताना एकमेकांत पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवा, बोलू नका, आणि समोरून परतणारा आला तर बाजूला व्हा.

मनोरा आणि तळघर

उत्तरेच्या मनोऱ्यावर तिकीट काढून चढता येतं. फ्रान्समध्ये रीतसर राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्यांना राष्ट्रीय स्मारकांत मोफत प्रवेश असतो, तेव्हा तिथं शिकत असाल तर निवासाचा कागद जवळ ठेवा. वरून हिरवट तांब्याचं छप्पर दिसतं. १८३६च्या आगीत जुनं लाकडी छप्पर गेल्यावर त्याखाली लोखंडी सांगाडा उभारला. ऑगस्ट १९४४मध्ये या मनोऱ्यांत जर्मन टेहळे आहेत अशा संशयानं अमेरिकी तोफा त्यांच्यावर डागायच्या बेतात होत्या. कर्नल वेलबॉर्न ग्रिफिथ स्वतः जाऊन तपासून आले आणि आत कुणी नसल्याचं कळवलं. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात ते मारले गेले. काचा त्याआधीच, १९३९ साली, उतरवून सुरक्षित ठिकाणी नेल्या होत्या. तळघरात मार्गदर्शकासोबतच जाता येतं. वेळा आणि भाषा आदल्या दिवशी बघून ठेवा.

जेवण आणि परत

डबा कॅथेड्रलच्या मागच्या बिशपच्या बागेत खा. मुलं थेपले, दशम्या घेऊन येतात, त्या तिथं उघडा. खाली एर नदी आणि जुनी वस्ती दिसते. जेवून उतरून नदीकाठी एक फेरी मारा, कपडे धुवायच्या जुन्या जागा तिथं अजून आहेत. काच कशी घडते हे बघायचं असेल तर कॅथेड्रलच्या उत्तरेला काचचित्रांचं केंद्र आहे, धान्य-द्राक्षारस साठवायच्या जुन्या कोठारात.

परतीची गाडी मात्र संध्याकाळची धरा आणि तिच्या तासभर आधी पुन्हा आत या. पश्चिमेच्या गोल खिडकीखाली तीन उंच खिडक्या आहेत, सुमारे ११५०च्या, आणि त्यांच्यामागे ऊन येतं ते फक्त उतरत्या दुपारी. गाभाऱ्याकडे पाठ करून बसा. उजवीकडची खिडकी इशायाची, म्हणजे दावीद राजाच्या बापाची: निजलेल्या माणसाच्या अंगातून झाड उगवलंय आणि त्याच्या फांद्यांवर एकावर एक राजे बसलेत. पहिल्या राजापासून मोजत वर जा. आता सांगायला कुणी लागणार नाही, खालून वर वाचायचं ते तुम्हाला येतं.